घरी मराठी, लघुप्रबंध इंग्रजीत: चुका येतात कुठून?

सुरसागरकाठी
वडोदऱ्यात एमएच्या लघुप्रबंधांचे मसुदे तपासायचे आहेत. निम्मी मुलं मराठी घरांतली, निम्मी गुजराती. आर्टिकल्स ('अ', 'द') गायब, 'ऑलदो'मागे 'बट', आणि परिच्छेदाचा मुद्दा थेट शेवटच्या ओळीत. 'मातृभाषेचा प्रभाव' असा शेरा मारून काही सुधारत नाही. यातलं भाषेमुळे काय होतं? आणि दोन्ही गटांना वेगळं शिकवावं का?

कानामात्रा
वेगळं नको. या चुकांपुरत्या दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी. आर्टिकल दोन्हींत नाही. 'ऑलदो-बट' म्हणजे आपलं 'जरी-तरी'. इंग्रजीत जोडीतला एकच ठेवायचा, विषय संपला.

खरी गंमत प्रश्नावलीच्या प्रकरणात. 'आम्ही विचारलं की तुम्ही घरी कोणती भाषा बोलता' याचं होतं 'वी आस्क्ड दॅट व्हिच लँग्वेज डू यू स्पीक'. मराठीत 'की'नंतर समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवता येतं, म्हणून 'दॅट', 'डू', 'यू' आणि वर्तमानकाळ असे चौघे एकदम घुसतात. हवं ते 'वी आस्क्ड व्हिच लँग्वेज दे स्पोक'. चारही खुणा एकाच वाक्यात दाखवा, सुट्या सुट्या नकोत.

खोडरबर
आर्टिकलसाठी नियम पाठ करून घेऊ नका, एक फेरी मारायला लावा. एकच पान घ्यायचं, फक्त नामांखाली रेघा. मोजता येतं? एकवचनी आहे? दोन्हींना 'हो' आणि आधी 'अ', 'द', 'धिस', 'अवर' यांपैकी काहीच नाही, तर बहुतेक वेळा चूक ('बाय बस'सारखे अपवाद सोडून). मग विचारायचं, नेमकं कोणतं ते वाचकाला ठाऊक आहे का? असेल तर 'द'.

पुढे उलटा रोग जडतो: 'द सोसायटी', 'द वडोदरा'. तेव्हा रागावू नका, मूल जागा शोधू लागलंय. त्याच पानावर 'एव्हिडन्सेस'ही सापडेल; इंग्रजीत 'एव्हिडन्स'चं सहसा अनेकवचन करत नाहीत, पण आपल्याकडे 'पुरावे' सर्रास चालतात.

डाळिंबी
परिच्छेदाचा दोष मात्र भाषेवर ढकलू नका. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली विचारपद्धतींच्या आकृत्या काढल्या, इंग्रजीची सरळ रेघ आणि पौर्वात्य लेखनाची गोल गोल. त्यात मराठी-गुजरातीची आकृती नव्हतीच, आणि पुढे त्यांनी स्वतःच ती मांडणी सौम्य केली. मुद्दा शेवटी जातो तो शाळेतल्या निबंधामुळे: प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार. मुलाला तोंडी मराठीत विचारा, 'तुला काय सापडलं?' उत्तर पहिल्याच वाक्यात आलं तर मराठी निर्दोष. तेच वाक्य परिच्छेदाच्या डोक्यावर बसवा.

सुरसागरकाठी
आणि 'धिस मेथड ओन्ली वॉज यूज्ड'?

कानामात्रा
तो आपला 'च', गुजरातीतला 'ज'. 'हीच पद्धत' म्हणताना दुसरी वापरली नाही असं सांगायचंय, की नुसता जोर द्यायचाय? पहिलं असेल तर 'ओन्ली' पुढे आणा, 'ओन्ली धिस मेथड'. नुसता जोर असेल तर खोडा.