हिंजवडीचे ७ लाख की बाणेरचे साडेपाच?
पुण्यातल्या दोन सॉफ्टवेअर नोकऱ्यांच्या ऑफर आहेत, हिंजवडीची वर्षाला ७ लाखांची आणि बाणेरची साडेपाच लाखांची, त्यातली कुठली घेऊ, असं विचारतोयस. नुसत्या पॅकेजच्या आकड्यावर जाऊ नकोस रे. हिंजवडीच्या ७ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) सगळं धरलेलं असू शकतं. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत एरवी ५ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते, आणि तू तर दोन वर्षांत बदलायचं म्हणतोयस! एचआरकडून महिन्याला हातात किती पडणार ते लेखी मागून घे. त्यांचा बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आणि ९० दिवसांचा नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करावे लागणारे दिवस, हेही नीट वाच. पुढची कंपनी तीन महिने थांबेलच असं नाही. शिवाय कोथरूडहून रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, हे वेगळंच. माझं मत बाणेरला. फक्त तिथे तुझा कोड तपासायला कुणी अनुभवी सीनियर आहे का, हे होकार देण्याआधी स्पष्ट विचार. नसेल तर शिकणं होणार नाही, मग हिंजवडीच घे.