मदत हवी आहे: आईला पुण्यात आनंदनगरहून मंडईपर्यंत मेट्रोने न्यायचंय, लिफ्टबद्दल माहिती हवी

आई ७१ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर घेऊन सपाटीवर चालते, पण जिने जमत नाहीत. आठवड्यातून तीनदा सकाळी अकराला मंडईजवळ फिजिओथेरपीला जायचं असतं. आम्ही कोथरूडला, पौड रोडवर आनंदनगर मेट्रो स्टेशनच्या जिन्याच्या पलीकडच्या बाजूला राहतो. स्टेशन घरातून दिसतं, तरी रस्ता ओलांडायची भीती वाटते. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे वॉकर रस्त्यावरूनच न्यावा लागतो. चालणाऱ्या माणसाचा कुणी विचारच करत नाही, याचं फार वाईट वाटतं.

रिक्षा करून पाहिली, रोज परवडत नाही. बसची पायरी उंच पडते. फूटपाथची तक्रार केली. काही न होता ती बंद झाली. गाडी नाही, घ्यायचीही नाही.

आमचा वनाझ-रामवाडी मार्ग उन्नत आणि मंडईवरून जाणारा स्वारगेटचा मार्ग तिथे भुयारी, म्हणून सिव्हिल कोर्ट स्टेशनला गाडी बदलताना बरंच खाली उतरावं लागणार. सकाळी या वेळेला हल्ली कुणी गेलं असेल तर सांगा: आनंदनगरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिफ्ट चालू असते का? तिकीट न काढता वरून पलीकडे जाता येतं का? आणि सिव्हिल कोर्टपासून मंडईच्या रस्त्यावर येईपर्यंत एकही जिना न चढता पोचता येतं का?