कदंब राजाच्या ताटात मिरची
(फोंड्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ ते रविवार सकाळ)

सेक्रेटरी नाईक काका: नमस्कार. चतुर्थीच्या वर्गणीतले ६,२०० रुपये उरलेत. मीटिंगमध्ये ठरल्याप्रमाणे हॉलमधल्या कपाटासाठी पुस्तकं घ्यायची. ऐतिहासिक कादंबऱ्या हव्यात, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, असं बहुतेकांचं म्हणणं. उद्या रात्रीपर्यंत नावं सुचवा.

अद्वैतची आई: काका, त्याआधी एक विचारू का? कपाटातलं ते कदंबांवरचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्यावरचं, मुलांचं पुस्तक कुणी निवडलं होतं? काल जेवताना अद्वैत म्हणतो, कदंब राजा शिकारीहून आला आणि त्याने मिरचीचा ठेचा खाल्ला, मग मिरची पोर्तुगीजांनी आणली असं शाळेत का शिकवतात? मला काही उत्तर देता येईना.

रोहित बी-२०३: खाऊ दे की बिचाऱ्याला. दमून आलाय.

शुभदा बाई: निवड माझीच, आणि तीही मुखपृष्ठ बघून. चूक कबूल. अद्वैतला माझ्याकडून चॉकलेट. मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे उतरली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. कदंबांचं राज्य त्याआधी दीड-दोनशे वर्षं बुडालेलं. आत्ता पुस्तक उघडून बघितलं तर राजवाड्याच्या परसात काजूची झाडंसुद्धा आहेत. काजूही त्याच बोटीतला पाहुणा.

आबा ४०१: बाई, एका मिरचीवरून पुस्तक मोडीत काढायचं? कादंबरी आहे ती. वीररस बघा, भाषा बघा. आम्ही हरिभाऊ आपट्यांवर वाढलो, तेव्हा कुणी ताटात काय वाढलंय ते तपासत नव्हतं.

शुभदा बाई: आबा, तपासायला हवं होतं असं मला आता वाटतं. राजा दरबारात काय बोलला हे कुणालाच ठाऊक नसतं, ते लेखकाने रचायचंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कदंबांच्या एका राजधानीतून दुसरीत, चांदोरहून गोपकपट्टणला, जायला होडी लागते की घोडा, तिथल्या बाजारात कोणत्या बोलीत भाव ठरतो, आमटीला तिखटपणा कशाने येतो, हे शोधता येतं. शोधता येण्यासारखं जो शोधत नाही, त्याने रचलेल्या दरबारावर मी का विश्वास ठेवू?

डॉक्टर ए-३०१: म्हणून मी मीटिंगमध्येच सांगत होतो, कादंबऱ्या नकोत. सरळ इतिहास घ्या. गोव्याचे इतिहासकार आहेत ना, पिसुर्लेकर घ्या, प्रियोळकर घ्या.

शुभदा बाई: दोघेही घेऊ. पण डॉक्टर, तुम्ही माझ्याकडून जूनमध्ये नेलेल्या पिसुर्लेकरांची किती पानं झाली?

रोहित बी-२०३: 😂

डॉक्टर ए-३०१: प्रॅक्टिस असते हो.

पाटकर वहिनी: उद्या सकाळी पाणी ७ ते ८ एवढंच येणार आहे, टाक्या आज भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

आबा ४०१: माझं एक नाव लिहून घ्या, संभाजीराजांवरचं काहीही. १६८३ साली व्हिसेरेई, म्हणजे पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय, याच फोंड्याच्या किल्ल्यावर तोफा घेऊन आला होता. आपल्या पोरांना ते फक्त सिनेमातून कळतं.

शुभदा बाई: हे मात्र शंभर टक्के. आणि त्यातला खरा भाग कादंबरीपेक्षा अचाट आहे. तोफांनी तट फोडला तरी किल्ला पडला नाही. राजे स्वतः आले आणि नोव्हेंबरात व्हिसेरेईला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रात्री मराठे जुव्यावर, म्हणजे सांत इस्तेव बेटावर उतरले. मराठे आणि पोर्तुगीजांची राजधानी जुनं गोवं यांच्यात मधलं पाणी तेवढं उरलं. तेव्हा हा व्हिसेरेई झेवियरची शवपेटी उघडवतो आणि आपला राजदंड संताच्या हातात देतो, की आता शहर तुम्हीच सांभाळा. हे घडलेलं आहे. लेखकाने मनाने लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, अहो, जरा जास्त झालं.

रोहित बी-२०३: बाई, हे पुस्तक कुठलं?

शुभदा बाई: मुलांसाठी असं लिहिलेलं मला अजून सापडलं नाही. हेच रडगाणं आहे. मुलांच्या पुस्तकांत राजे फक्त घोषणा देतात.

अद्वैतची आई: मग आठवी-नववीला काय देऊ?

शुभदा बाई: गोनीदांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या. हा माणूस आयुष्यभर गडांवर हिंडला, त्यामुळे त्यांच्या लेखनात चढ लागला की वाचणाऱ्यालाही धाप लागते. भाषा जरा गावरान आहे, पहिली वीस पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पुढे तो हातातून सोडणार नाही. आणि यापुढे मुखपृष्ठ बघायचं नाही, आधी शेवटची पानं उघडायची. लेखकाने काय खरं आणि काय रचलेलं ते सांगितलं असेल तर पुस्तक घ्यायचं.

नाईक काका: मोठ्यांसाठी महाबळेश्वर सैल यांचं 'तांडव' लिहू का? माझ्या जावयाने सांगितलं. पोर्तुगीजांच्या बाटाबाटीच्या, म्हणजे धर्मांतरांच्या काळावर आहे.

आबा ४०१: लिहा. पण ते पोरांना नको. आणि आपल्या ग्रुपवर सगळ्या प्रकारची माणसं आहेत, उगाच जुनं उकरून काढायला नको.

(यानंतर दीड तास कुणी काही लिहिलं नाही. पाटकर वहिनींनी टाकीचं झाकण उघडं असल्याचा फोटो टाकला, तेवढाच.)

मारिया आंटी सी-१०२: आबा, माझ्यासाठी थांबलात काय? थांबू नका. माझं मराठी कोंकणीच्या वाटेने येतं, सांभाळून घ्या. तुमच्या पूर्वजांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १५६० मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आला, १५६६ मध्ये शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. पलीकडे आदिलशाही होती, देव सुलतानाच्या राज्यात सुरक्षित राहिले, हे तुम्ही मुलांना सांगता की नाही ठाऊक नाही. पण जे नदीपार गेले नाहीत त्यांचं काय? शेत इथे, म्हातारी आई इथे. ते राहिले, बाटले. ते आम्ही.

मारिया आंटी सी-१०२: आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हात मुख्यतः आमच्यावरच पडत होता, बाप्तिस्मा झालेल्यांवर. घरात जुन्या चाली चालतात का ते बघायला. १७३६ च्या हुकमात काय होतं माहीत आहे? तुळस लावायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. मिठाशिवाय!

शुभदा बाई: आंटी, हे मी प्रियोळकरांच्या पुस्तकात वाचलं होतं आणि विसरले होते. आता विसरणार नाही.

मारिया आंटी सी-१०२: म्हणून म्हणते, पोरांनाही द्या. छळाची वर्णनं नको, ती मोठ्यांना. पोरांना एक घर द्या. आजी सवयीने भातात मीठ घालायचं विसरते आणि दारावर कुणी तरी थाप मारतं. बारा वर्षांच्या मुलीला तेवढ्याने सगळं कळेल.

आबा ४०१: आंटी, माझं चुकलं. मी तुम्हाला सांभाळायला गेलो आणि बाजूला सारलं.

मारिया आंटी सी-१०२: देव बरें करूं, आबा. कुंकळ्ळीच्या देवीची छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून येते तेव्हा आमचे ख्रिस्ती गांवकर आजही तीत असतात. आम्हाला बाजूला सारणं सोपं नाही 😄

डॉक्टर ए-३०१: बाई, पिसुर्लेकर मी आज रात्रीच उघडतोय. शब्द.

रोहित बी-२०३: स्क्रीनशॉट घेतला आहे.

(रविवार, सकाळी ७:१०)

नाईक काका: यादी अशी धरतो. 'तांडव', गोनीदांच्या दोन, संभाजीराजांवरचं एक, पिसुर्लेकर, प्रियोळकर. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी सगळी चाळून येऊ, मगच पैसे घालू. गाडी माझी. कोण येतं?

शुभदा बाई: मी. आणि कदंबांचं पुस्तक कपाटातून काढू नका. आत एक चिठ्ठी घालते, मिरची आणि काजू शोधा म्हणून. अजून काही सापडलं तर तेही मुलांनी लिहायचं.

अद्वैतची आई: अद्वैतने रात्रीच अननस शोधलाय, पान ६१. आणि आता नवीन खूळ, कदंबांच्या वेळचा ठेचा खायचाय. मिरी, आलं, खोबरं, सोलं (आमसुलं), बाकी काही नाही. मिरी वाटून झाली पण सोलं संपलीत. कुणाकडे आहेत का?

मारिया आंटी सी-१०२: माझ्याकडे आहेत, गेल्या मे महिन्यातली. त्याला पाठव. मिठाचं काय करतेस ते तूच ठरव.