खोबरेल तेल थिजते, शेंगदाणा तेल का नाही?

प्रश्न (फोंडा): डिसेंबरात पहाटे आमच्याकडे बाटलीतले खोबरेल तेल पांढरे थिजते, शेजारचे शेंगदाणा तेल मात्र पातळच राहते. या रेणूंवर विद्युतभार नसताना ते एकमेकांना धरून कसे ठेवतात, हे बारावीच्या मुलांना नीट समजावायचे आहे.

उत्तर (म्हापसा): रेणूतील इलेक्ट्रॉन सतत हलत असल्यामुळे एका बाजूला क्षणभर ऋणभार वाढतो, त्याच्या प्रभावाने शेजारच्या रेणूतील इलेक्ट्रॉन सरकतात आणि दोघांत क्षीण आकर्षण निर्माण होते, भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याची पुंजवादी (क्वांटम) उपपत्ती मांडली. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितके हे आकर्षण बळकट आणि उकळायला तापमान जास्त लागते: दोन इलेक्ट्रॉनांचा हेलियम ४.२ केल्विनला उकळतो, ५४ इलेक्ट्रॉनांचा झेनॉन सुमारे १६५ केल्विनला. ही तुलना फळ्यावर अवश्य लिहा.

उत्तर (डिचोली): वरील उत्तरात आकाराचा मुद्दा राहिला, आणि तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. खोबरेल तेलातील कार्बन-शृंखला बहुतांशी संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) व सरळ असल्याने केरसुणीतल्या हिरांसारख्या एकमेकींना लागून बसतात, म्हणून ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. शेंगदाणा तेलात मुबलक असलेल्या ओलेइक आम्लाची (एका मेदाम्लाची) शृंखला दुहेरी बंधापाशी वाकते, जवळीक मोडते आणि आकर्षण उणावते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. सोमवारी वर्गात माडाच्या हिरांची केरसुणीच घेऊन जाते, आणि काही हीर मधोमध वाकवून दाखवते.