शेजारच्या पेशीचं काय?

कॅडसायला आणि एन्हर्टू ही कॅन्सरवरची औषधं म्हणजे अँटीबॉडीला (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला) जोडलेलं विष. ही अँटीबॉडी फक्त हर-टू (काही कॅन्सर पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) असलेल्या पेशीलाच चिकटते, मग गाठीतल्या बाकीच्या पेशी तशाच राहणार, असं वाटू शकतं. कॅडसायलाबद्दल ते बऱ्यापैकी खरंय पण एन्हर्टूचं तसं नाही. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी यासाठी एक सुंदर प्रयोग केला, उंदरात हर-टू असलेल्या आणि नसलेल्या पेशी मिसळून गाठ वाढवली आणि नसलेल्या पेशींत ल्युसिफरेज (उजेड निर्माण करणारं एन्झाइम) टाकलं, म्हणजे कॅमेऱ्यात चमकणार त्या फक्त ‘निगेटिव्ह’ पेशीच. एन्हर्टू दिल्यावर ती चमक विझत गेली, कॅडसायलावर नाही. कारण एन्हर्टूचं विष आत सुटलं की पेशीच्या पडद्यातून बाहेर झिरपतं आणि शेजारणीलाही मारतं. पुढे २०२२ मध्ये हर-टू लो, म्हणजे गाठीत हर-टू कमी असलेल्या, पेशंटना एन्हर्टूचा फायदा दिसला, त्याची बीजं मला तरी इथेच दिसतात.

फक्त एक, उंदरावर सगळं भागत नाही हो. ही अँटीबॉडी उंदराच्या स्वतःच्या हर-टूला चिकटतच नाही, त्यामुळे निरोगी अवयवांना काय त्रास होईल ते तिथे नीट कळत नाही, त्यासाठी माकडांवर चाचण्या कराव्या लागतात. एन्हर्टू चालू असताना नवीन कोरडा खोकला किंवा दम लागला तर प्लीज लगेच डॉक्टरांना सांगा, फुप्फुसाला सूज असू शकते.