मदत हवी आहे : आयदोवी झ्गांत्सी आतून कच्चे राहतात

नमस्कार मंडळी, सध्या मुक्काम ल्युब्लियाना, स्लोव्हेनिया. इथे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचा ‘आयदोवी झ्गांत्सी’ नावाचा जुना, शेतकरी घरातला पदार्थ आहे. दिसायला आपल्या उकडपेंडीसारखा मोकळा, रंग मात्र करडा-तपकिरी.

शेजारच्या आजींनी सांगितलेली रीत अशी: दीड लिटर खारं पाणी उकळायचं, त्यात अर्धा किलो पीठ एकदम ओतायचं आणि अजिबात ढवळायचं नाही! पिठाचा डोंगर पाण्यात तसाच राहू द्यायचा, लाकडी चमच्याच्या दांड्याने मधोमध आरपार भोक पाडायचं आणि मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवायचं. मग निम्मं पाणी काढून बाजूला ठेवायचं, काट्याने गोळा फोडायचा आणि कोरडं वाटलं तर तेच पाणी परत घालायचं.

माझ्याकडे बाहेरून शिजतं, पण गोळा फोडला की आत कोरडं पांढुरकं पीठ निघतं. भांडं पसरट आहे, ते कारण असेल का? काही जण पीठ आधी कोरडंच भाजतात म्हणे. त्याने फरक पडतो का?

दुसरं, यावर डुकराची वितळलेली चरबी आणि तिचे कुरकुरीत तुकडे घालतात. सासूबाई येणार आहेत, त्या शुद्ध शाकाहारी. (सोबतचं आंबट दूध त्यांना नक्की आवडेल.) तुपात खरपूस तळलेला कांदा चालेल, की लसणाची फोडणी? युरोपातल्या कुणी केलंय का?