‘संशयकल्लोळ’मधली कृत्तिका कशी उभी करावी?

हरिपूरकर (प्रश्न)
आमच्या हौशी नाट्यसंस्थेने येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, ‘संशयकल्लोळ’ हे संगीत नाटक करायचे ठरवले आहे. त्याचे लेखक गोविंद बल्लाळ देवल आमच्याच, सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे प्रयोग नेटका व्हावा अशी सगळ्यांची तळमळ आहे. अडचण कृत्तिकेची, म्हणजे फाल्गुनरावाच्या संशयी बायकोची, आहे. तालमीत ही भूमिका करणारी आमची मैत्रीण प्रवेश करताच कमरेवर हात ठेवते आणि आवाज चढवते. हशा मिळतो, परंतु त्यातून बायका जात्याच संशयी असतात असे सांगितल्यासारखे होते, आणि ते मला दिग्दर्शिका म्हणून पटत नाही. फार्सचा वेग न घालवता हे कसे टाळावे? पदे किती ठेवावीत, हेही कृपया सांगावे.

विंगेतून
कृत्तिकेला भांडखोर करण्याची सवय जुनी आहे आणि माझ्या मते ती संहितेवर अन्याय करणारी आहे. तिने काय पाहिले ते आठवून पाहा. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, आणि कृत्तिकेच्या नजरेस नेमके तेवढेच पडते. पुढे रेवतीच्या हातून पडलेली, तिचा प्रियकर अश्विनशेट याची तसबीर कृत्तिकेला सापडते, कृत्तिका त्या तसबिरीकडे पाहत असताना फाल्गुनराव तिला पाहतो, आणि आता त्याचाही संशय तितकाच सकारण ठरतो. खरे काय घडले ते प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असते, म्हणून हसू येते. पात्रांना मात्र त्यातले काहीच ठाऊक नसते. आपल्या कलाकार ताईंना पहिल्या प्रवेशात आवाज खाली ठेवून, डोळ्यांदेखत नवरा परस्त्रीला धरून उभा आहे अशा खऱ्या धक्क्याने बोलायला सांगावे. हशा कमी होणार नाही, उलट वाढेल.

रेवतीकडेही तितकेच लक्ष द्यावे. ती नायकिणीच्या घरची, म्हणून अश्विनशेटचा विश्वास इतक्या चटकन डळमळतो. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा मांडणारे ‘शारदा’ही देवलांनीच लिहिले आहे, स्त्रीच्या बाजूने पाहणे त्यांना नवे नव्हते. रेवतीचा संताप लाडिक करू नये, तो तिच्या अब्रूचा प्रश्न आहे.

पायपेटी
नाटकाचे पहिले रूप १८९३ चे, गद्य होते. त्याचे बीज फ्रेंच नाटककार मोलिएरच्या एका प्रहसनातले, ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे देवलांपर्यंत आले. पदांसह संगीत रूप रंगभूमीवर आले ते १९१६ मध्ये. म्हणजे कथानक पदांवाचूनही उभे राहते, तेव्हा काटछाट करताना अपराधी वाटून घेऊ नये. तरीही ‘कर हा करी धरिला शुभांगी’ आणि ‘मृगनयना रसिक मोहिनी’ वगळू नयेत, कारण अश्विनशेटचे प्रेम खरे आहे हे तिथेच कळते आणि त्याशिवाय त्याचा पुढचा संशय बोचत नाही. आलापी मात्र आवरती घ्यावी. एकेक पद दहा मिनिटे चालले तर मघाचा गैरसमज कोणता होता हेच प्रेक्षक विसरतात.

लुगडेवाली
दोन व्यावहारिक गोष्टी. स्त्री-कलाकारांना आतापासूनच नऊवारीत तालीम करू द्यावी. सलवार-कमीजमध्ये बसवलेली लगबग लुगड्यात जमत नाही. आणि तसबिरीची काच काढून टाकावी. आमच्या प्रयोगात तिच्यावर दिव्याचा झोत चमकला आणि मागच्या रांगांना चित्राऐवजी पांढरा ठिपका दिसला.

हरिपूरकर
सर्वांचे मनापासून आभार. कालच्या तालमीत कृत्तिकेने ‘विंगेतून’ यांनी सांगितल्याप्रमाणे हात सोडून, जवळजवळ कुजबुजत पहिली वाक्ये म्हटली. फाल्गुनराव करणारे आमचे काका क्षणभर आपले वाक्यच विसरले, मग इतके गडबडून उत्तरले की बसलेले सगळे खळखळून हसले. तो गडबडलेला सूर आम्ही तसाच ठेवत आहोत. तसबिरीची काच आजच काढली.